सूत्राचा कर्ता

शालिग्राम मास्तरांचा आवाज एकदम गेला नाही. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली तेव्हा तो थोडा बसलेला होता, एवढंच. थंडी बाधली असेल म्हणून त्यांनी ज्येष्ठमध चघळला, मिठाच्या गुळण्या केल्या, गळ्याला मफलर गुंडाळला आणि आठवीच्या वर्गाला बीजगणित शिकवत राहिले. संक्रांतीपर्यंत आवाजाची नुसती हवा उरली. ओठ हलायचे, मानेच्या शिरा ताणल्या जायच्या, आणि पहिल्या बाकावरच्या पोरालाही काही ऐकू यायचं नाही. डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं. एक स्वरतंतू लुळा पडलाय म्हणाले. वर्षभर बोलायचं नाही, कुजबुजायचं तर मुळीच नाही. आणि आवाज परत येईल का, तर ते आज सांगता येत नाही.

हे त्रेपन्न साल उजाडतानाचं. मास्तर मूळचे यावलकडचे. गावी थोरले भाऊ कौतिक हे केळी आणि कपाशी पाहत. त्यांचा निरोप आला की सगळे इकडेच निघून या, चार माणसं घराला जड नाहीत. मास्तरांनी निरोप ऐकला आणि आणणाऱ्याला खुणेनेच चहा घ्या म्हणून सांगितलं. धुळ्यात त्यांची अठरा वर्षं गेली होती. शेतीतलं त्यांना काही येत नव्हतं आणि गावी सगळ्यांना ते ठाऊक होतं. केळीच्या बागेत मुक्याने नुसतं बसून राहायचं, ही कल्पना त्यांना सहन होत नव्हती.

म्हणून ते शाळेत जातच राहिले. शाळा पांझरा नदीपलीकडे, देवपुरात होती. मास्तर फळ्यावर सगळं लिहून काढत आणि बाजूला उभं राहत. मुलं काही वाईट नव्हती. पण ज्याला समजलं नाही त्याने विचारायचं कसं, आणि विचारलं तर मास्तरांनी सांगायचं कसं? एकाच्या शंकेचं उत्तर लिहून होईपर्यंत बाकीचे खिडकीबाहेर बघू लागत. मास्तर डस्टर टेबलावर आपटत. खडूची धूळ उडून खोकला येई, आणि त्या खोकल्यालाही आवाज नसे.

एक दिवस त्यांची बायको बेबाबाई काढ्याचा तांब्या घेऊन शाळेत आली. मास्तर तो घरी विसरून गेले होते. ती वर्गाच्या दाराशी थांबली. मास्तर पाठमोरे लिहीत होते. मागच्या बाकावरची एक मुलगी शेजारणीला विचारत होती, तिसऱ्या ओळीत काय आहे ते दिसत नाही म्हणून. कल्हईवाल्या हारुनची ही मुलगी, जैनब. शेजारणीलाही ते अक्षर लागेना. बेबाबाईला नवऱ्याचं अक्षर पाठ होतं. तिने दारातूनच तिसरी ओळ वाचून दाखवली. मग जैनबने चौथी विचारली. बेबाबाईने तीही वाचली. मुलं भराभर उतरवून घेऊ लागली होती. मास्तर वळले, आणि व्हरांड्यातून चाललेले मुख्याध्यापक तोताराम सर तिथेच थबकले.

तोताराम सर भले गृहस्थ. आठवीच्या बीजगणिताला दुसरा शिक्षक मिळत नव्हता आणि वार्षिक परीक्षा एप्रिलवर आली होती. त्यांनी दोघांना खोलीत बोलावून घेतलं आणि वहिनी परीक्षेपर्यंत रोज तासाला येऊन फळ्यावरचं वाचून दाखवतील का, असं विचारलं. बेबाबाईने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर खिडकीकडे बघत होते.

"येईन," ती म्हणाली.

बेबाबाई लग्नाआधी मराठी सातवी पास झाली होती. त्यानंतर तिने वाचलं ते पंचांग, पोथी आणि मास्तरांच्या शाळेचे कागद. दोन मुली, थोरली बारा वर्षांची आणि धाकटी आठची. पहाटे पाणी भरायचं, भाकरी टाकायच्या, मुलींच्या वेण्या घालायच्या, मास्तरांचा काढा उकळायचा, आणि मग डोक्यावरचा पदर नीट करून पांझरेचा पूल ओलांडायचा. पुलावरून जाताना सवयीने ती मास्तरांच्या दोन पावलं मागे चालायची. त्यांना काही सांगायचं असेल तर ते थांबायचे, वळायचे, हात हलवायचे, आणि मागून येणारे टांगेवाले ओरडायचे. म्हणून पुढे पुढे ती त्यांच्या बरोबरीने चालू लागली.

शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी म्हणालं की मास्तरांनी घरून तोंड आणलंय. हशा झाला. मास्तरांच्या कानावर ते गेलं. त्यांचे कान शाबूत होते.

पहिले काही आठवडे बेबाबाई नुसतं वाचत होती. त्या वेळी सूत्रं चालली होती. मास्तर त्या धड्याला 'कर्ता बदलणे' म्हणत. सूत्रात जे अक्षर एकटं एका बाजूला असतं तो कर्ता, बाकीचे त्याच्या हाताखालचे. आता हाताखालच्यांपैकी एकाला कर्ता करायचं, म्हणजे त्याला एकट्याला एका बाजूला आणून ठेवायचं. फळ्यावर असे: प = २(ल + र). प म्हणजे परिमिती, ल लांबी, र रुंदी. यातून र काढा.

बेबाबाई वाची, "प बरोबर दोन, कंसात ल अधिक र." मास्तर पुढची ओळ लिहीत, ती पुढची वाची. शेवटी मास्तर नियम लिहीत: बाजू बदलली की चिन्ह बदलते. अधिकाचे वजा, गुणिलेचे भागिले. मुलं तो उतरवून घेत. अठरा वर्षं त्यांनी तो नियम असाच सांगितला होता, आणि दर वर्षी अर्ध्या वर्गाला तो समजे आणि उरलेला अर्धा वर्ग पाठ करी.

सोनगीरहून रोज मिळेल त्या ट्रकने येणारा चिंधा उरलेल्या अर्ध्यातला. त्याने एकदा उभं राहून विचारलं, "बाई, आधी कोन्ती बाजू बदलानी? माले हाई बठ्ठं उलटं दिसस."

सगळंच उलटं दिसतंय म्हटल्यावर बेबाबाई मास्तरांकडे वळली. मास्तरांनी नियमाखाली रेघ ओढली. तिने नियम पुन्हा वाचला. चिंधा खाली बसला. त्याच्या तोंडावर जे होतं ते बेबाबाईला ओळखीचं वाटलं, कारण तिलाही यातलं काही समजत नव्हतं.

घरी संध्याकाळी तिने मास्तरांसमोर धाकटीची पाटी ठेवली. मले शिकवा, म्हणाली, नुसतं वाचून मले लाज वाटते. मास्तरांनी सुरुवात केली. ती चुकली की ते पाटी पुसत आणि पुन्हा तेच लिहीत. तिसऱ्यांदा चुकली की पेन्सिल दाबून लिहीत, एवढी की ती कर्कश वाजे आणि मुली कानांवर हात ठेवत. पूर्वी ते वर्गात ओरडत असत. आता ओरडणं सगळं हातात उतरलं होतं. एका संध्याकाळी त्यांनी पाटी जमिनीवर आपटली. चौकटीचा एक कोपरा निखळला.

बेबाबाई पीठ मळत होती. तिने हात थांबवले नाहीत. "आपटा," ती म्हणाली. "पाटी फुटीन, मंग मले कशावर बोलाल?"

मास्तर उठून ओट्यावर जाऊन बसले. खरं म्हणजे दोघंही दमली होती. त्यांच्या घशात दिवसभर न बोललेलं साचायचं. तिचे पाय संध्याकाळी पोटऱ्यांपर्यंत दुखायचे. ती थोरलीला म्हणाली की बाबांना जेवायला बोलाव, आणि त्या दिवशी पाटी कुणी पुन्हा काढली नाही.

तिला कर्ता बदलणं समजलं ते एका रविवारी दुपारी, स्वयंपाकघरात. कोपऱ्यात मडक्यांची उतरंड होती, गावाहून आलेली. सगळ्यात खालच्या मडक्यात उडीद होते आणि ते हवे होते. वरचं मडकं उतरवून तिने बाजूला ठेवलं, मग त्याच्या खालचं. तिसऱ्याला हात घातला आणि तशीच उभी राहिली. मग उडीद तसेच सोडून ती पाटी घेऊन बसली. र वर आधी काय ठेवलंय? ल. त्या दोघांवर काय ठेवलंय? दोन. उतरवताना वरचं आधी. प चे दोन भाग, मग त्यातून ल वजा. तिने लांबी पाच आणि परिमिती सोळा धरली. सोळाचे अर्धे आठ, आठातून पाच गेले तीन. तीन आणि पाच आठ, आठ दुणे सोळा. बरोबर आलं. तिने दुसऱ्या आकड्यांनी करून पाहिलं, तेही आलं. मास्तर आतल्या खोलीत झोपले होते. त्यांना उठवावं असं तिच्या मनात आलं, पण त्यांना दुपारीच काय ती झोप लागे. ती उठली आणि उडीद निवडायला घेतले.

सोमवारी वर्गात चिंधा फळ्याशी होता. त्याने प मधून ल वजा केला आणि मग त्याचे दोन भाग केले. मास्तरांनी त्यावर फुली मारली आणि नेहमीचा नियम लिहिला. बेबाबाईने तो वाचला नाही.

"चिंधा, तुझ्या घरी उतरंड आहे?" तिने विचारलं.

आहे, तो म्हणाला.

"सगळ्यात खालचं मडकं काढायचं आहे. कोणतं आधी उतरवशील?"

वर्गात हसू फुटलं. चिंधा म्हणाला, वरचं. मग ती सांगत गेली. र हे खालचं मडकं. त्यावर ल चढला, दोघांवर मिळून दोन चढले. तू मधलं मडकं आधी ओढलंस, म्हणून वरचं पडलं. सोळा आणि पाच घेऊन बघ. चिंधाने पाहिलं. त्याच्या रीतीने रुंदी साडेपाच आली, आणि साडेपाच रुंदीने परिमिती एकवीस झाली. दुसऱ्या रीतीने तीन आले. तो बराच वेळ आकड्यांकडे पाहत राहिला आणि मग, कुणी सांगितलं नव्हतं तरी, पुढचं सूत्र स्वतःहून सोडवायला लागला. मागच्या बाकांवरही पाट्या खरडल्याचा आवाज सुरू झाला.

मास्तर हातात खडू धरून उभे होते. फळ्यावर नव्हतं ते वर्गात बोललं गेलं होतं.

पुलावरून परत येताना ते भराभर पुढे निघून गेले. घरी पोचल्यावर पाटीवर लिहून त्यांनी ती बेबाबाईसमोर सरकवली. 'मी लिहितो तेवढेच वाच.'

बेबाबाईने वाचलं. ओल्या फडक्याने पाटी पुसली. "बरं," म्हणाली.

त्यानंतर ती तेवढंच वाचत राहिली, आणि वर्ग पुन्हा मंदावला. मुलं मात्र मधल्या सुट्टीत आपसात उतरंडीचीच भाषा बोलायची. यावर कोणतं मडकं, त्यावर कोणतं. मास्तरांना ते व्हरांड्यातून ऐकू येई. त्यांना राग यायचा आणि त्या रागाची लाजही वाटायची. बायको चुकीचं काही बोलली नव्हती, हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण अठरा वर्षं त्यांच्यासमोर वर्ग बसला होता आणि त्यांच्या तोंडाकडे बघत होता. आता तो तिच्या तोंडाकडे बघत होता. हे कुणाला लिहून सांगण्यासारखं नव्हतं.

मार्चमध्ये ऊन तापू लागलं. शाळेच्या पत्र्याखाली दुपारचा तास म्हणजे भट्टी. बेबाबाईचा घसाही बसत चालला होता. ती मध्ये थांबून पाणी प्यायची आणि मास्तर तिच्याकडे चपापून पाहायचे. त्यांनी तिच्यासाठीही घरून ज्येष्ठमध आणायला सुरुवात केली. टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवत, हातात देत नसत.

त्याच दिवसांत पाठ्यपुस्तकातलं एक अवघड गणित आलं. शेजारी शेजारी दोन वाफे, रुंदी दोघांची एकच, र. एकाची लांबी ल, दुसऱ्याची म. दोघांचं मिळून क्षेत्रफळ क. म्हणून क = लर + मर. यातून र काढा. मास्तरांनी सूत्र लिहिलं आणि मुलांना प्रयत्न करू दे म्हणून खुर्चीवर बसले. त्यांना त्या दिवशी ताप होता.

मुलं अडली. जैनब उभी राहिली आणि तिने थेट बेबाबाईला विचारलं. "बाई, यात र दोन ठिकाणी आहे. मग खालचं मडकं कोणतं?"

बेबाबाईने फळ्याकडे पाहिलं. तिने मनातल्या मनात ल उतरवून पाहिला, मग म उतरवून पाहिला. कुठूनही सुरुवात केली तरी एक र इकडे आणि एक तिकडेच राहत होता. तिला घाम फुटला. सगळा वर्ग तिच्याकडे बघत होता. आजवर ती फळ्यावरचं वाचून सुटत असे, आणि आज फळ्यावर फक्त एक ओळ होती. तिने मास्तरांकडे पाहिलं नाही. पाहावं असं वाटलं, पण त्या पाटीवरचं वाक्य तिला आठवलं.

मास्तर बसून होते. पुढे ते म्हणत, म्हणजे लिहून सांगत, की तेव्हा उठावंसं वाटलं नव्हतं. अंग दुखत होतं आणि मनात एक वाईट विचार येऊन गेला होता, की आता हिला कळेल. मग त्यांनी तिच्या पाठीकडे पाहिलं. लुगड्याचा पदर घामाने पाठीला चिकटला होता. पहाटे चारला उठलेली बाई होती ती.

ते उठले. नियम लिहिला नाही. फळ्याच्या मोकळ्या भागात त्यांनी दोन उतरंडी काढल्या, एकीत खाली र आणि वर ल, दुसरीत खाली र आणि वर म. त्यांना चित्रकला येत नव्हती. मडकी वाकडी आली आणि कुणीतरी हसलंही. मग त्यांनी हाताने दोन्ही चित्रं पुसली आणि एकच मोठं मडकं काढलं. त्यात र लिहिला. त्याच्यावर दुसरं मडकं काढून त्यात लिहिलं, ल + म. आणि खडू बेबाबाईपुढे धरला.

ती क्षणभर पाहत राहिली. मग तिला समजलं.

"रुंदी दोन्ही वाफ्यांची एकच आहे," ती मुलांना म्हणाली. "मधला बांध मोडला की एकच लांब वाफा होतो. म्हणून आधी दोन्ही र एकत्र करायचे. मग वर एकच मडकं उरतं, ल अधिक म. तेवढं उतरवायचं." तिने मास्तरांच्या हातून खडू घेतला आणि लिहिलं: र = क ÷ (ल + म). तिचं अक्षर मोठं आणि गोल होतं, सगळ्यांना वाचता आलं.

मास्तर पुन्हा खुर्चीवर बसले. जैनब म्हणाली, सर, अजून एक असंच घाला. ती पहिल्यांदाच त्यांच्याशी बोलली होती, बाईंशी नाही. त्यांनी मान हलवली आणि बसूनच पाटीवर एक नवीन सूत्र लिहून तिच्याकडे दिलं.

त्या दिवशी घरी परतताना मास्तरांना चालवेना. बेबाबाईने पुलाच्या तोंडाशी टांगा केला. टांग्यात दोघंही डोळे मिटून बसली होती. घरी आल्यावर तिने त्यांना काढा दिला, मुलींना खिचडी टाकायला सांगितलं आणि भिंतीला टेकून तशीच झोपली.

परीक्षा झाली. वर्ग बऱ्यापैकी पास झाला. चिंधाला बीजगणितात काठावर गुण मिळाले, पण सूत्रांचे प्रश्न त्याने सगळे बरोबर सोडवले होते. जैनबला चांगले मिळाले, तरी पुढल्या वर्षी तिला शाळेत पाठवणार की नाही हे हारुनने अजून ठरवलं नव्हतं.

जूनच्या तोंडावर डॉक्टरांनी पुन्हा आरसा घालून पाहिलं. फरक नव्हता. संस्थेच्या मंडळींनी मास्तरांना कार्यालयात घेतलं, कागदपत्रं लिहायला. पगार कमी झाला. वर्गावर बेबाबाईला ठेवता येणार नव्हतं, तिच्याकडे ना मॅट्रिक ना ट्रेनिंग. पण तोताराम सरांनी घरी येऊन सांगितलं की सातवी पास बायकांना प्राथमिक शिक्षिकेचं ट्रेनिंग घेता येतं, जळगावला सोय आहे, राहायला वसतिगृह आहे, आणि वहिनींनी जावं. दोन वर्षं. नंतर नोकरी नक्की.

सर गेल्यावर बेबाबाई म्हणाली की मुलींचं कोण पाहील. थोरली म्हणाली, मी. मास्तरांनी पाटी घेतली, काहीतरी लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. शेवटी पाटी तिच्याकडे केली. 'भाकरी मला थापता येत नाही. पोळ्या शिकतो.'

"तुमच्या पोळ्या पोरी खातीन का?" ती म्हणाली. ती हसली नाही, पण उठून गव्हाचा डबा पुढे ओढला. निघायला अजून आठवडा होता, तेवढ्यात त्यांनी कणीक मळायला शिकायला हवं होतं.

ती शिकवताना रागावली नाही. दमली मात्र. मास्तरांचे हात खडूला सरावलेले, कणकेत ते बावळट व्हायचे. पोळी नकाशासारखी व्हायची. धाकटी हसायची आणि खायची.

जायच्या दिवशी मास्तर आणि दोघी मुली तिला धुळ्याच्या स्टेशनवर पोचवायला आले. सकाळची गाडी होती. बेबाबाईने खिडकीतून सगळं पुन्हा सांगितलं. दुधाचं, पाण्याच्या वेळेचं, धाकटीच्या खोकल्याचं. मास्तर प्रत्येक गोष्टीला मान हलवत होते. गाडी हलली तेव्हा त्यांचे ओठ हलले. काय म्हणाले ते तिला ऐकू आलं नाही, आणि डॉक्टरांनी बोलायला बंदी केलेली होती हेही तिच्या लक्षात आलं. तिने हाताने त्यांना गप्प राहा अशी खूण केली.

चाळीसगावला गाडी बदलायची होती. जळगावकडची गाडी उशिरा होती. प्लॅटफॉर्मवर कापसाच्या गाठींच्या सावलीला एक बाक रिकामा होता. ट्रंक पायांखाली ओढून ती बसली. कुणाला भाकरी द्यायची नव्हती, कुणाचं अक्षर वाचायचं नव्हतं. शेजारी बुरखा घेतलेली एक म्हातारी बसली होती. बेबाबाईने तिला विचारलं की जळगावची गाडी आली तर उठवाल का. म्हातारी म्हणाली, मुझे भी वहीच जाना है बेटी, सो जा.

बेबाबाईने डोक्यावरचा पदर तोंडावर ओढला आणि उन्हं वर चढली तरी ती झोपूनच होती.